वेसूला बाहेर बसवायचं नाही

॥ श्री ॥

फेल्डहोव्हन, हॉलंड
५ डिसेंबर २०२१

तीर्थरूप अरुणदादास,

धाकट्या वासंतीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून केला असता, पण माझा गुडघा तुला माहीत आहे.) तुझी शुगर काय म्हणते? शामलावहिनींचा खांदा वर जातो का आता? मी इकडे ठणठणीत आहे. हे पहिल्याच परिच्छेदात ठासून लिहिते, कारण माझ्या तब्येतीबद्दल सध्या मी सोडून सगळे बोलतात. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं बरं" म्हणून वहिनींच्या हातात देतोस, आणि इकडे सुयश शेजारच्या खोलीतून ऑफिस करतो, त्याला माझं अक्षर न् अक्षर ऐकू जातं. म्हणून पत्र. मृदुला नावाची एक मुलगी बुधवारी पुण्याला निघाली आहे, ती तिथून साताऱ्याला कुरियर करेल.

विषय तुला ठाऊकच आहे. पंधरा तारखेला माझं परतीचं विमान. तिथून मला थेट पुण्याच्या त्या ज्येष्ठांच्या संकुलात नेऊन ठेवायचं आणि माझा साताऱ्याचा फ्लॅट बँकेतल्या साहेबांना भाड्याने द्यायचा, असं तू आणि सुयशने मिळून ठरवलंत. मला सांगण्यात आलं! चाळीस वर्षं ज्या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, त्याबद्दल मला सांगण्यात आलं. असो. त्यावर येतेच, पण आधी तुला वेसूबद्दल सांगायला हवं. कंटाळून पान उलटू नकोस, वेसू कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

वेसू म्हणजे वेस्ली. सुयशने अमेरिकेत ज्या कॉलेजात एम.एस. केलं, त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हा क्वार्टरबॅक. (ह्या फुटबॉलमध्ये पाय फारसा लावत नाहीत, सगळं हातानेच चालतं. का, ते विचारू नकोस, मीही विचारून दमले.) क्वार्टरबॅक म्हणजे जो मागे उभा राहून चेंडू घेतो आणि लांब फेकतो. जिंकलं की त्याची मिरवणूक, हरलं की त्याचंच श्राद्ध. संघाचं चिन्ह बगळा, म्हणून आम्ही सगळे त्यांना बगळेच म्हणतो. दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे अमेरिकेतल्या दुपारी, आमच्या दिवाणखान्यात सामना लागतो. सप्टेंबरात मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, मुलगा शनिवारी आईला कुठे फिरायला नेईल. कसलं काय! पहिल्या शनिवारी मी रुसून भाजी निवडत बसले, दुसऱ्या शनिवारी भाजी घेऊन सोफ्यावर आले, आणि तिसऱ्या शनिवारी भाजी जळली.

त्याचं कारण शैलेंद्र. हा सुयशचा त्याच कॉलेजातला मित्र, बाडहूव्हडॉर्पला राहतो, विमानतळावर मालवाहतुकीत आहे. मूळचा नाशिकचा, आवाज मात्र विमानाचा. दर शनिवारी सव्वा तास गाडी हाणत येतो आणि दाराशी बूट काढतानाच सुरू होतो, की वेसूला बसवा. वय झालं (बावीस!), हळू झालाय, त्याच्याने फेकवत नाही, गेल्या सामन्यात सहा वेळा पडला, आता त्या नव्या अठरा वर्षांच्या पोराला खेळवा, आणि हे सगळं वेसूच्याच भल्यासाठी. दादा, हे "त्याच्याच भल्यासाठी" ऐकलं आणि माझ्या हातातली गवार गळून पडली. कारण आदल्याच दिवशी सुयशने तेच शब्द, त्याच सुरात, संकुलाचे फोटो दाखवताना मला ऐकवले होते.

मग मी काय गप्प बसते? मी जिल्ह्याला खो-खो खेळलेली बाई आहे. मी शैलेंद्रला म्हटलं, बाबा रे, पडला ते दिसलं, का पडला ते दिसलं नाही? वेसूच्या पुढे पाच दांडगट उभे असतात, त्याला सांभाळायला. त्यातला एक जास्त चांगल्या संघात निघून गेला, एकाचा गुडघा गेला, एक करोना म्हणून खोलीत कोंडलेला. राहिले दोन, आणि बाकीची भरती कालपरवा मिसरूड फुटलेली. समोरून एकशेवीस किलोचे लोक अंगावर येतायत, राखायला कोणी नाही, आणि नावं ठेवायची ती मागच्याला! आणि उठला की नाही सहाही वेळा? तेवढं कोणी मोजत नाही. शैलेंद्र म्हणाला, काकू, तुम्हाला खेळ कळत नाही. मी म्हटलं, खेळ नसेल कळत, पडणं कळतं.

झालं, तेव्हापासून घरात दोन तट पडले. एका बाजूला शैलेंद्र, सुयश आणि त्यांचा सगळा व्हॉट्सॲप ग्रुप (जगभरचे बगळे, दिवसभर नुसती कलकल), दुसऱ्या बाजूला मी एकटी. सूनबाई स्वानंदी तटस्थ, ती फक्त सोफ्यावर चिवडा सांडू नका म्हणते. नात संहिता मला नियम समजावते, पण मी मराठीत विचारलं की ती डचमध्ये सांगते, त्यामुळे अर्धे नियम मी माझ्या अंदाजाने धरले आहेत.

आता माझ्या बाजूला माणसं नाहीत म्हटल्यावर मी देवांकडे गेले. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी बगळे फार वाईट हरायला लागले, तशी मी उठले, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा उचलली आणि स्वानंदीच्या काचेच्या सॅलडच्या वाडग्यात, पाण्यात ठेवली. वेसू जिंकेपर्यंत बाहेर काढणार नाही, असं मोठ्याने सांगून. मग सुयश हळूच म्हणाला, आई, ही मॅच गेल्या आठवड्याची आहे, मी पुन्हा बघतोय. (रेकॉर्ड केलेली! मला कसं कळणार? कपडे तेच, पडणंही तेच.) शैलेंद्र फोनवर होता, तो इतका हसला की फोन बंद करावा लागला. पण बोललेलं बोललेलं. मी म्हटलं, मग पुढच्या सामन्यासाठी ठेवले असं समजा. देवाला आठवडा मागेपुढे चालतो.

देवांना पुढचे सहा आठवडे चालवावे लागले. बगळे पुढचाही हरले, त्याच्या पुढचाही. मी रोज पाणी बदलायची. स्वानंदीला सॅलड ताटात करावं लागलं, तेव्हा ती थोडी बोलली, की आई, हा सगळा भाबडेपणा आहे. आता ऐक, आज इथे सिंटरक्लासचा (मुलांना भेटी आणणारा एक म्हातारा संत, घोड्यावरून येतो) सण आहे, आणि तिने काल रात्री स्वतःच्या हाताने संहितेच्या बुटात गाजर ठेवलं, घोड्याला खायला. घोडा छपरावरून येतो म्हणे. माझा बाळकृष्ण निदान घरातच असतो.

एवढंच नाही. आमच्या मागे कालवा आहे, तिथे रोज एक बगळा उभा असतो. मला वाटलं, चिन्ह आहे, त्याला प्रसन्न करावं. पोळी घातली, ढुंकून बघितलं नाही. शेवटी (वहिनींना सांगू नकोस, त्या माझ्या हातचं खायच्या नाहीत) मी, आयुष्यात अंड्याला न शिवलेली, बाजारात जाऊन एक कच्चा हेरिंग मासा घेऊन आले. दुकानदार मला तो शेपटीला धरून तोंडात कसा सोडायचा ते प्रेमाने दाखवत होता, मी डोळे मिटून मान हलवत होते. बगळ्याने मासा घेतला, आणि गेला उडून. त्या शनिवारी आपण एकतीस गुणांनी हरलो. माशाचा वास मात्र माझ्या हातमोज्यांना अजून आहे.

आता मुद्द्याचं. शेवटचा सामना होता गेल्या महिन्यात, सत्तावीस तारखेला. समोर शेजारच्या राज्यातलं कॉलेज, शंभर वर्षांचं हाडवैर. इथे करोनामुळे घरी चारच पाहुण्यांची परवानगी, दुसऱ्या दिवसापासून तर सगळं संध्याकाळी पाचलाच बंद होणार होतं, म्हणून शेवटची मोकळी संध्याकाळ साधायला शैलेंद्र दुपारीच येऊन बसला. जेवताना सुयशने पुन्हा संकुलाचं काढलं. तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे, भजनी मंडळ आहे. मी म्हटलं, मला भजनी मंडळ नको, माझं स्वयंपाकघर पाहिजे. तो वैतागून म्हणाला, आई, तुझा वेसू आज जिंकला ना, तर जा तू साताऱ्याला, मी एक अक्षर बोलणार नाही. चेष्टेत म्हणाला. मी चेष्टेत घेतलं नाही. शैलेंद्रला साक्षीदार केलं. तो आत देवांना नमस्कार करायला गेला होता, बाहेर आला तो हात डोक्यावरून फिरवत. वाडग्यातलं पाणी तीर्थ समजून तीनदा प्यायला होता! रोज बदलत होते म्हणून निभावलं.

दादा, तो सामना मी तुला कसा सांगू! पहिल्या अर्ध्यात वेसू चार वेळा आडवा. मध्यंतरानंतर बाहेर बसवलाच त्याला. डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसलेला दाखवत होते. मला एप्रिल आठवला. मला करोना झाला होता, शेजारच्या पद्मजाताई दारात डबा ठेवून जायच्या, आणि सुयश फोनवरून माझ्या बोटाला लावलेल्या त्या चिमट्यावरचे आकडे बघत बसायचा. विमानं बंद. मी झोपले तरी फोन चालू ठेव म्हणायचा. पोरगा फार घाबरला तेव्हा, दादा. अजून घाबरलेलाच आहे. मला कळतं रे ते. पण त्याच्या भीतीवर औषध म्हणून मी का बाकावर बसायचं?

तर नव्या पोराने दोन चेंडू थेट समोरच्या संघाच्या हातात दिले, आणि झक मारत वेसूला परत आणलं. मी सोफ्यावर उभी राहिले. (गुडघा आठवला नाही.) आपण सात गुणांनी मागे, शेवटचं अर्धं मिनिट, आणि वेसूने असा काही लांब चेंडू टाकला की आपले सहा गुण! आता एकवीस-वीस. इथे नियम असा, की पुढे लाथेने सोपा एक गुण घेऊन बरोबरी करायची, नाहीतर पुन्हा एकदा घुसून दोन मागायचे. शैलेंद्र ओरडतोय, एक घ्या, एक घ्या. मी ओरडतेय, दोन! वेसूने दोन मागितले. स्वतः चेंडू पोटाशी धरून घुसला. तिघांनी धरला, तरी ओढत गेला, आणि रेषेच्या वीतभर अलीकडे पडला.

हरलो. शैलेंद्र रडला. खरंच रडला, हेरिंगच्या वासाच्या माझ्याच हातमोज्यांनी डोळे पुसले त्याने, आणि म्हणाला, काकू, ह्याला बसवा म्हणणारा मी गाढव. सुयश माझ्याकडे बघत नव्हता. टीव्ही बंद करून म्हणाला, आई, हरला तो. मी म्हटलं, दिसलं मला. जिंकला तर मी साताऱ्याला जायचं, एवढंच ठरलं होतं. हरला तर काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. ते आता मी ठरवते. मी जाते.

त्यावर तो उठून वर गेला. आठ दिवस झाले, घरात फक्त "चहा घेतलास का" एवढंच बोलणं आहे. मी माघार घेणार नाही. मी पडेन कधीतरी, सगळेच पडतात. पण माझ्या घरात, माझ्या रेषेकडे जाताना पडेन. वहिनींना नमस्कार, तुझ्या नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
वासंती

ता.क. वेसू जिंकलाच नाही, त्यामुळे देव अजून पाण्यातच आहेत आणि पुढचा सामना थेट सप्टेंबरात. नवस हुकला तर देव बाहेर कसे काढायचे, हे वहिनींनी गुरुजींना विचारावं. सामना कशाचा होता ते सांगू नये.

ता.क. दुसरा. मुंबईहून गाडी पुण्यात थांबवायची नाही, चहालासुद्धा नाही. तुझ्याकडच्या किल्ल्या घेऊन ये आणि आदल्या दिवशी माझ्या खिडक्या उघडून ठेव. फार दिवस बंद आहे घर.

ता.क. तिसरा. आताच संहितेने सांगितलं (पहिल्यांदाच मराठीत!), की करोनामुळे सगळ्या खेळाडूंना एक वर्ष जादा मिळालंय, आणि वेसू ते वापरणार आहे. पुढच्या वर्षी परत खेळणार. दादा, एप्रिलमधून मी उठले, तेव्हा मलाही ते जादाचं मिळालंय. मी का वापरू नये?

ता.क. शेवटचा, सोमवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. सकाळी उठले तर सॅलडचा वाडगा धुऊन पालथा घातलेला, आणि देव कोरडे पुसून देव्हाऱ्यात, अन्नपूर्णा थोडी वाकडी. स्वानंदी कधी वाकडी ठेवत नाही. फोन बघितला, तर वरच्या खोलीतून सुयशने मला बँकेच्या साहेबांचा नंबर पाठवलेला. पुढेमागे एक शब्द नाही. मी लगेच साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं, माणूस सज्जन आहे. तेव्हा हे पत्र आता तुझी परवानगी मागायला नाही. दूधवाल्याला सांगायला आहे. सोळा तारखेपासून अर्धा लिटर, गाईचं.