रविवारी न होणाऱ्या चुका

टॅकेट्स मिल, टेनेसी
सोमवार, १८ ऑगस्ट १९८६

प्रिय ड्वाइट,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहोत. ऑर्व्हिलची कंबर आता ठीक आहे, कारखान्यात पुन्हा उभ्याने काम करतो. टोमॅटो यंदा इतके आले की बरण्या संपल्या. बेथ आणि मुलं खुशाल असतील. हा कागद पाठकोरा आहे, मागे चर्चच्या भजनांची यादी दिसेल, त्याकडे बघू नकोस. एक बाजू कोरी असलेला कागद माझ्याने टाकवत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, "ताई, सव्वीसला मंगळवारी येतो. रास्कोला क्लबमधून मोकळं करायचं ठरतंय, त्याला आधी काही कळू देऊ नकोस. आणि तुझ्या हातचं भाजलेलं मटण कर, दोन महिने रस्त्यावरचं खाऊन तोंडाची चव गेलीय."

एका दमात लिहिलंस हे. मी चुलीपाशी उभी राहून वाचलं आणि मला शिसारी आली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. जो लॉनी रास्को जूनपासून मोसमापुरता माझ्या मागच्या खोलीत राहतो, त्याच्यासमोर बसून तू जेवणार, त्याच्याकडून मीठ मागून घेणार, आणि हात पुसून खिशातला कागद काढणार. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, ड्वाइट. तू सात वर्षांचा होतास. असं जेवायला मी तुला शिकवलं नव्हतं.

आणि तो शब्द. "ताई, हा पोरगा म्हणजे खोगीरभरती. मोठ्या बोलीच्या, भरपूर पैसे मोजून घेतलेल्या पोरांना खेळायला नऊ जण लागतात म्हणून ठेवलेला." माणसाच्या लेकराला खोगीरभरती म्हणायला तुमच्या खेळाडू पारखायच्या धंद्यात पगार मिळतो वाटतं. त्याचा बाप आर्कान्सामध्ये लाकडाचे ट्रक चालवतो. दर गुरुवारी फोन करतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "माझा पोरगा तुम्हाला त्रास तर देत नाही ना, बाई?" त्या माणसाला आता मी काय सांगू?

असो. रागावून पत्र लिहू नये, म्हणून काल उत्तर लिहिलं नाही. काल रविवार होता, शिवाय.

तू कारणं दिलीस ती एकेक घेते. मी हायस्कूल पास बाई आहे, तुमची वेग मोजायची यंत्रं मला कळत नाहीत. पण बावीस वर्षं या मैदानावर बेसबॉलच्या सामन्यांची अधिकृत नोंदणी मी करते. फलंदाजाचा फटका म्हणायचं की क्षेत्ररक्षकाची चूक म्हणायची, हे ठरवून लीगला कागद पाठवणारी मी. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप कसा खेळतो हे बघायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

फलंदाजीचं तू बरोबर लिहिलंस. अंगावर येणाऱ्या वेगवान चेंडूला लॉनीची बॅट उशिरा पोचते. जूनमध्ये तर हवाच कापत होता. पण जुलैपासून तो वाईट चेंडू सोडायला शिकलाय, चारही सोडून फुकट मिळालेल्या पहिल्या बेसवर निमूट चालत जातो. वीस वर्षांच्या पोराला न मारणं शिकवणं किती अवघड, हे तुला सांगायला नको. तू स्वतः तेवीस वर्षांचा होईपर्यंत शिकला नाहीस, आणि मग खेळच सोडलास.

क्षेत्ररक्षण. आला तेव्हा चेंडू आपल्याकडे येईपर्यंत टाचांवर उभा राहायचा. आता चेंडू बॅटला लागायच्या आधी त्याचा डावा पाय निघालेला असतो. आमचा म्हातारा प्रशिक्षक बिली ओक्स त्याला ग्लोव्हऐवजी लाकडाची सपाट फळी हातात देऊन चेंडू अडवायला लावायचा. पोरगं बोटं सुजवून घरी यायचं आणि बर्फाच्या भांड्यात हात घालून बिस्किटं खायचं. उजवीकडे जाणाऱ्या चेंडूवर अजून कच्चा आहे, उलट्या हाताने घेताना मनगट लटपटतं. हे मी लपवत नाही. पण चेंडू ग्लोव्हमधून हातात यायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा कमी वेळ मी बावीस वर्षांत दोघांचाच बघितलाय, आणि त्यातला एक मोठ्या लीगमध्ये अकरा वर्षं खेळला.

मग तू म्हणशील, या मोसमातल्या त्याच्या एकोणीस चुका कुठून आल्या?

इथे माझा हात अडतोय. दोन वेळा उठून बीन्स ढवळून आले. ढवळायची गरज नव्हती.

तुला आठवत असेल, मी रविवारी मैदानावर जात नाही. देवाचा दिवस आहे. रविवारचा सामना घरी असला की नोंदणी हॉइट न्हावी करतो. लॉनी रविवारी सकाळी माझ्याबरोबर चर्चला येतो, मागच्या बाकावर बसतो, भजन बेसूर म्हणतो आणि दुपारी खेळायला जातो. या मोसमात घरच्या मैदानावर पाच रविवार झाले. पाचांत लॉनीची एकही चूक नाही. मैदानावर थट्टाच सुरू झाली. तिसऱ्या बेसमागे बसणारा लोहार ओरडायचा, "अरे रास्को, आज शुक्रवार आहे रे! आज पडणार तुझ्या हातातून!"

आणि मी काय केलं सांगू? बुधवारच्या प्रार्थनेला सगळ्या बायकांसमोर उठून साक्ष दिली. म्हटलं, "जो मुलगा प्रभूचा दिवस पाळतो, प्रभू त्याचे हात त्या दिवशी सांभाळतो." बायकांनी आमेन म्हटलं. पाद्रीबुवांनी तेच पुढच्या प्रवचनात घेतलं.

तुझं पत्र आल्यावर मी माझी घरची वही काढली. क्लबची गुणपत्रिका शाईने, ती लीगला जाते. पण घरी माझी एक पेन्सिलची वही आहे, त्यात मी प्रत्येक फेकीपुढे टिंब काढते: पहिल्या बेसवाल्याच्या छातीशी आली, गुडघ्याशी आली, की मातीत आली. वाईट उसळी असेल तर छोटी नागमोडी रेघ. कुणी सांगितलेलं नाही, सवय आहे. किराणा मांडते तसं हेही मांडते.

शनिवारी संध्याकाळी मी सगळं जुळवायला बसले. परगावी अठ्ठावीस सामन्यांत त्याच्या पाच चुका. घरी रविवारच्या पाच सामन्यांत शून्य. आणि घरी मी नोंदणी केलेल्या चोवीस सामन्यांत चौदा.

ऑर्व्हिल वर्तमानपत्र वाचत होता. मी त्याला म्हटलं, "हे बघ, पोरगं घरच्या लोकांसमोर घाबरतं."

त्याने वर्तमानपत्र खाली न करताच विचारलं, "रविवारी कोण बसतं? परगावचे लोक?"

बस, माझा नवरा एवढंच बोलला. मग हवामान वाचायला लागला.

मी चौदाच्या चौदा पुन्हा काढल्या. पाच खऱ्याच त्याच्या आहेत, मी सोडणार नाही. तीन ठिकाणी माझीच नागमोडी रेघ आहे. चेंडू खड्याला लागून खांद्यावरून गेला, कुठल्याही माणसाने तो फटकाच म्हटला असता. सहा ठिकाणी फेकीचं टिंब गुडघ्याशी किंवा छातीशी आहे, आणि चेंडू सांडला तो तुमच्या त्या कॅलिफोर्नियाच्या मोठ्या बोलीच्या पोराने, पहिल्या बेसवर, दगडी हातांनी. ती चूक त्याच्या नावावर जायला हवी होती. मी शाईने लॉनीच्या नावावर लिहिली. नऊ वेळा, ड्वाइट. पेन्सिलने खरं लिहिलं आणि शाईने खोटं.

का ते विचारशील. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लॉनीकडून सुटलेल्या एका अवघड चेंडूला मी चूक न म्हणता फटका नोंदवला होता, आणि माइकवरचा कर्टिस सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "काय व्हर्नाबाई, घरचं पोरगं म्हणून सूट का? काल बिस्किटं चांगली झाली होती वाटतं!" नोंदणीच्या माळ्यावरचे सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून लॉनीकडे चेंडू गेला की माझी मान ताठ व्हायची. शंका आली की चूक. शंका नसली तरी चूक. व्हर्ना टॉलर आपल्या घरच्याला सूट देत नाही, हे साऱ्या गावाने बघावं म्हणून. आणि मी त्याला न्याय म्हणत होते! घरी येऊन त्याच पोराच्या ताटात दुसरा तुकडा वाढायचे, आणि मनात म्हणायचे, बघा, माझं मन किती साफ आहे. आता स्वतःचीच किळस येते. तुझ्यावर आली त्याहून जास्त.

अजून एक उरलंय. तू लिहिलंस, "जुलैच्या अखेरीपासून त्याचा हात मऊ पडलाय, फेकीत जोर नाही. बहुतेक खांद्यात काही आहे." हे वाचल्यावर मी काल चर्चहून परतताना त्याला गाडीत विचारलं, "लॉनी, खांदा दुखतो का रे?"

"नाही, मिस व्हर्ना."

"मग तू चेंडू असा लोंबता का टाकतोस?"

त्याने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाला, "जोरात टाकलं की चूक लागते ना. म्हणून जरा हळू, नीट हातात जाईल असं टाकतो."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. त्याला सगळं सांगितलं. नऊच्या नऊ, तारखेसकट.

तो म्हणाला, "त्यातल्या काही मला माहीत होत्या."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तुम्ही इतकी वर्षं लिहिताय. वाटलं, तुम्ही चूक म्हणताय तर माझंच काहीतरी चुकत असेल. म्हणून पहाटे भिंतीवर फेकायचो, दोनशे वेळा, हळू." मग तोच मला समजावायला लागला. "रडू नका हो, मिस व्हर्ना. गाडी चालवायचीय तुम्हाला."

ड्वाइट, त्याचा खांदा ठणठणीत आहे. तो हात मी मऊ केला. तू माझ्याच कागदांवरून त्याला मोजलंस, आणि त्याने माझ्याच कागदांवरून आपली फेक बदलली.

लीगचा नियम तुला माहीत आहे, दोन दिवसांनंतर नोंद बदलता येत नाही. त्या नऊ आता कायमच्या त्याच्या नावावर राहणार. मी आज सकाळी क्लबला चिठ्ठी पाठवून नोंदणीचं काम सोडलं. कारणही लिहिलं. बुधवारी प्रार्थनेत पुन्हा उठून बोलणार आहे, त्या साक्षीचं. ते सगळ्यात जड जाईल.

या पाकिटात माझी पेन्सिलची वही आहे. खाडाखोड कुठे नाही, तपासून घे. तो मोठ्या लीगमध्ये पोचेल असं मी म्हणत नाही. ती उलट्या हाताची पकड सुधारली नाही तर कदाचित नाही पोचणार. पण त्याला आणखी एक वर्ष मिळायला हवं, त्याच्या स्वतःच्या हाताने खेळलेलं. तुम्ही ज्याला सोडताय तो मुलगा अजून तुम्ही पाहिलेलाच नाही.

तेव्हा मंगळवारी येऊ नकोस. रविवारी चोवीसला ये, दुपारी दोनला सामना आहे. पहिल्या बेसच्या मागे बस आणि फक्त त्याच्या फेकीकडे बघ. मी त्याला सांगितलंय, जीव खाऊन टाक, समोरच्याचे हात फुटले तरी चालतील. मी तुझ्या शेजारी बसेन. हो, रविवारी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. देवाला काय म्हणायचं असेल ते तो मला म्हणेल, ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. पेन्सिल आणणार नाही.

आणि ते बघूनही तुझ्या खिशातला कागद खिशात राहणार नसेल, तर तो मैदानावर दे, उभ्याने, त्याच्या डोळ्यांत बघून. माझ्या टेबलावर नाही. त्या रात्री मटण होईल, पण पानं तिघांचीच मांडेन: ऑर्व्हिल, मी आणि तो.

बेथला आठवण सांग. मुलांना पापा.

एकोणिसातल्या नऊ चुका जिच्या आहेत, ती तुझी बहीण,
व्हर्ना