रिळांवरच्या चिठ्ठ्या

६ फेब्रुवारी

चि. वेंधळ्यास,

आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या इतकी मागे लागले की शेवटी सामानाच्या यादीच्या पाठीवर लिहून तिने तो माझ्या हातात कोंबला. बारा वर्षांनी आईचं पत्र आलेलं पाहून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. मी परीक्षेला बसते आहे, एवढंच.

हस खुशाल. दहावीच्या बरोबरीची, मोठ्या माणसांसाठी असते ना, ती. मालकीणबाई म्हणाल्या, शिवणखात्याची सुपरवायझर करते, पण हातात कागद हवा. एकतीस वर्षं मी याच कारखान्यात कोट आणि गणवेश शिवते, नव्या बायकांना मशीन मीच शिकवते, तरी कागद हवा. भाषा सुटली. गणित काठावर का होईना, सुटलं. राहिलं विज्ञान. सत्तावीस मार्चला पेपर आहे.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग असतो. सर पूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. काचेचं भांडं असं धरतात, जसं काही तान्हं मूल. वर्गात मी सगळ्यांत मोठी, आणि बडबडीही. घरी अभ्यास होत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर पुस्तक उघडते. कटिंगमास्तर येता-जाता विचारतात, "काय बाई, आज काय शोध लावला?" त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे माझं उत्तर सगळ्या कारखान्याला ऐकावं लागतं. हृदयाचे चार कप्पे आमच्या इथे आता सगळ्यांना पाठ आहेत.

प्रयोगही असतात. सर एक कागदाची पट्टी देतात. लिंबाच्या रसात बुडवली की तांबडी होते, नळाच्या पाण्यात हिरवी. मी ती पट्टी बोटांत धरून बराच वेळ बसले होते. तू नववीत याच पट्टीवरून नापास झालास ना? "तांबडा की हिरवा एवढंही नीट सांगत नाही, वर्गात चेष्टा करतो," असं तुझ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं. मग मी तुझी शाळाच बंद केली. म्हटलं, पुस्तक जमत नाही तर हाताला वळण तरी लागेल. आणि आणलं कुठे, तर माझ्याच कारखान्यात, रंगीत दोऱ्यांत.

असो. ते उगाळायला हे पत्र नाही.

दोऱ्यांवरून आठवलं, तुझं ते चिठ्ठ्यांचं खूळ. प्रत्येक रिळावर कागदाचा तुकडा चिकटवून त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहायचास. बायका हसायच्या. असो, तेही राहू दे.

सोबत विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान फाडून पाठवते आहे. पुस्तक माझंच आहे, काळजी नको. त्यावर एक गोल आहे, आत नुसते रंगीत ठिपके. त्यात तुला कोणता आकडा दिसतो ते कळव. सहज विचारते. चुकलं तरी चालेल, मी काही शाळा नाही.

तुझी मुलगी सहा वर्षांची झाली, हेही मावशीकडूनच कळलं. तिला माझे आशीर्वाद सांगायचे की नाही, ते तुझ्यावर सोडते.

तुझी आई


१७ मार्च

चि. मुलास,

आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चालले होते, हा माझा आगाऊपणा. पेपरला दहा दिवस राहिलेत आणि माझं डोकं अभ्यासात नाही. मागच्या पत्रात तुला सवयीने वेंधळ्या लिहिलं. आज लिहवत नाही. ते पान मी सहज पाठवलेलं नव्हतं.

तुला पहिलं पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी सरांनी वर्गात ते पान उघडायला सांगितलं. आम्ही सगळे म्हणालो, सत्तेचाळीस. एक जण डिलिव्हरीची व्हॅन चालवतो, तो म्हणाला, "कुठे? इथे तर काहीच नाही." सगळे हसले. मी तर खो-खो हसले आणि म्हणाले, "अरे, डोळे असून आंधळा आहेस का?"

बोलून गेले आणि मग आठवलं. हेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी तुला म्हटलं होतं, शब्दही तेच. हात उगारला नव्हता, एवढाच फरक.

व्हॅनवाल्याला काहीच वाटलं नाही. म्हणाला, "मला तांबडं-हिरवं वेगळं कळतच नाही हो ताई. सिग्नलला वरचा दिवा लागलाय की खालचा, ते बघतो." मग सरांनी फळ्यावर आजोबा, आई, मुलगा असा तक्ता काढला. हा दोष आईकडून मुलाकडे येतो म्हणे. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, त्यामुळे तिला पत्ता नसतो. आणि तिच्याकडे तो बऱ्याचदा तिच्या वडिलांकडून आलेला असतो.

माझे बाबा टोमॅटो दाबून आणि हुंगून निवडायचे. मी म्हणायचे, काय चोखंदळ माणूस आहे! घराबाहेर पडताना रोज आईला विचारायचे, "हे मोजे एकाच जोडीचे आहेत ना गं?" आम्ही सगळे हसायचो. हसण्यात आमचं घराणं पहिल्यापासून पुढे.

आणि तू. लहानपणी तू मला विचारलं होतंस, "आई, तुला एवढे रंग पाठ कसे राहतात?" तुला वाटायचं, सगळ्यांना रंग पाढ्यांसारखे पाठ करावे लागतात आणि आपल्यालाच ते येत नाहीत. मी तो विनोद म्हणून कारखान्यात सांगितला. जिला सांगितला तिने हसून दाद दिली. माझ्या पोटचं पोर काय विचारतंय, ते मात्र मला ऐकू आलं नाही.

आता मला त्या कोटांबद्दल लिहायलाच हवं. दवाखान्याची ऑर्डर होती. सत्त्याऐंशी गडद हिरवे कोट. आतल्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं मशीन मागच्या खोलीत, तिथे तू एकटा. तू सत्त्याऐंशीच्या सत्त्याऐंशी कोटांना आतून तपकिरी दोरा घातलास. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा सोडला आणि मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी अकरा बायकांसमोर तुझ्या कानशिलात मारली. म्हणाले ते वर लिहिलंच आहे. वर हेही म्हणाले की हा मुद्दाम करतो, याला कामाची लाज वाटते. तू सतरा वर्षांचा होतास. त्या वेळी तू एकच गोष्ट विचारलीस, "चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

मी म्हणाले, "कारणं सांगू नकोस."

चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. तू ते कोट शिवायला घेण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्याची माणसं कारखाना बघायला येणार होती. मालकीणबाई म्हणाल्या, सगळं नीटनेटकं करा. मला ती चिकटवलेली रिळं गबाळी दिसली. नखाने एकेक चिठ्ठी खरवडली आणि कचऱ्याच्या पेटीत टाकली. त्यांवर "हि" आणि "त" लिहिलेलं असायचं, तेही तेव्हा वाचलं. मनात आलं, काय हा आळशीपणा, रंगाचं नावसुद्धा पुरं लिहीत नाही.

तुला त्या का लागतात, ते मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण त्या मी काढल्या, हे मला माहीत होतं. तू काय विचारतोयस, तेही कळलं होतं. तेव्हा एक शब्द बोलले असते तर तू सगळ्यांसमोर खोटा पडला नसतास. नाही बोलले. मालकीणबाई समोर होत्या आणि मला माझी बाजू सांभाळायची होती. संध्याकाळी तू पिशवी भरलीस, तेव्हाही नाही बोलले. त्यानंतर बारा वर्षं मी लोकांना सांगत आले की मुलगा रागीट निघाला, बापावर गेला. बापावर कसला! माझ्या बाबांवर गेला होतास, तेही माझ्याकडून.

अंगात जे आलं त्यात माझा दोष नाही, असं सर म्हणतात. बरोबर आहे. चिठ्ठ्या मात्र अंगातून आल्या नव्हत्या.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. मागायची लायकी नाही म्हणून नाही. तू "केलं" म्हणालास तर मी लगेच हलकी होईन आणि दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखी वागू लागेन, मी मला ओळखते.

अभ्यासाला बसते.

आई


३० मार्च

चि. मुलास,

आशीर्वाद.

पेपर झाला. माझ्या पुढच्या बाकावर व्हॅनवाला होता. आत जाण्यापूर्वी म्हणाला, "ताई, आज रंगांचं विचारलं तर मी पहिला." रंगांचं विचारलंच. आजोबांना दोष आहे, आईला नाही, तर तिच्या मुलाला तो येण्याची शक्यता किती? मी तक्ता काढला, सगळं बरोबर लिहिलं. लिहिताना कागद दोनदा ओला झाला. देखरेखीच्या बाई येऊन विचारून गेल्या, पाणी हवं का म्हणून.

विजेच्या चुंबकाचा प्रश्न मात्र कोरा सोडून आले. चुंबक मी तुला पाठवलेल्या पानाच्या मागच्या बाजूला होतं. पाच गुण गेले. कागद हातात येईल की नाही, देव जाणे. गंमत म्हणजे त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं. आत तेच पान. ठिपक्यांवरून पेन्सिलीने आकडा गिरवलेला, चार जरा वाकडा. खाली तुझं अक्षर. ते तर मी रिळांवरच्या तुकड्यांवरूनही ओळखते. तू लिहिलंस ते मी इतक्यांदा वाचलं की आता न बघता म्हणू शकते:

"मला आकडा दिसत नाही. मुलीने गिरवून दिला. मला हे आठ वर्षांपासून माहीत आहे, नोकरीच्या तपासणीत कळलं. चिठ्ठ्यांचं मात्र तुझ्या पत्रावरून कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, कटिंगमास्तरांनी काढल्या. माझ्या शर्टांवर मुलगी चिठ्ठ्या लावते. आमच्या घरात त्या कुणी काढत नाही."

बाकी काही नाही. ये म्हणून नाही, येऊ नकोस म्हणूनही नाही.

आठ वर्षं तुला माहीत होतं. तुला एका ओळीत मला सांगता आलं असतं की बघ, मी ढोंग करत नव्हतो. तू सांगितलं नाहीस. माझ्याकडून आलंय हे कळून मला लागेल म्हणून, की मी तरीही विश्वास ठेवला नसता म्हणून? विचारत नाही. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर मला झेपणार नाही.

पण मास्तरांचं वाचलं आणि मला घरात बसवेना. काल चहाच्या सुट्टीत मशीनं थांबली तेव्हा मी उभी राहिले. त्या वेळच्या अकरा बायकांपैकी चारच उरल्यात, बाकीच्या नव्या आहेत. सगळ्यांना सांगितलं की त्या दिवशी पोराची चूक नव्हती, चिठ्ठ्या मी काढल्या आणि गप्प बसले. मास्तरांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात बाई?" मी परत सांगितलं. "जरा मोठ्याने!" तिसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. तुला मारलं तेव्हाही माझा आवाज एवढा चढला नव्हता.

मास्तर खाली बघत कात्री पुसत राहिले. मग म्हणाले, "तरीच. जाताना माझ्याशी बोललासुद्धा नाही. मी बारा वर्षं विचार करतोय, माझं काय चुकलं." एवढं बोलून ते कापडाकडे वळले. त्यांनी तुला त्यांची जुनी कात्री द्यायला ठेवली होती, हे मला काल कळलं. ती अजून खणात आहे. माझ्या गप्प बसण्याने तुझी आईच नाही, आणखीही एक माणूस गेला.

मालकीणबाईंनीही ऐकलं. सुपरवायझरचं त्या काय करतात ते बघू.

एक गोष्ट तेवढी सांगायची आहे, आई म्हणून नाही, विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून. जे मला बाबांकडून आलं, ते तुझ्या मुलीकडेही तुझ्याकडून गेलंच आहे. तिला सगळे रंग दिसतील. पण पुढे तिला मुलगा झाला, तर त्याला कदाचित दिसणार नाहीत. मोठी झाली की तिला हे सांगून ठेव. त्याने कधी विचारलं की रंग पाठ कसे राहतात, तर त्याला हसू नकोस म्हणावं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, देव जाणे.

ते पान मी पुस्तकात होतं तिथे चिकटवलं. चुंबकही परत मिळालं, नापास झाले तर उपयोगी पडेल. आज सुट्टी होती. कारखान्याची किल्ली मागून घेतली आणि मागच्या खोलीतल्या सगळ्या रिळांवर चिठ्ठ्या लावून आले. या वेळी पुरी नावं लिहिली. तिथे आता त्यांची कुणाला गरज नाही, हे मला माहीत आहे.

चिठ्ठ्या काढणारी,
तुझी आई