घसाऱ्याचा पत्ता

सोनगीर, चैत्र शु. ५, शके १८६०

चि. भिकू हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता खुशाल. गिरणी जोरात चालते. शेजारचा पुना दळण घेऊन आला की इंजिनावर हात ठेवून म्हणतो, भारी शे आबा!

पण वर्ष तोट्यात गेले, पोरी. लीलाधररावांनी दिवाळीत लिहिले होते की यंत्र दरसाल थोडे झिजते, तो घसारा वजा केल्याशिवाय नफा म्हणू नये. जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा जावई सांगतो म्हटल्यावर मी पाडव्याला तसेच केले. इंजिन नऊशेचे, आयुष्य दहा वर्षे, म्हणजे सालाचे नव्वद. तेल, पट्टा जाऊन हाती उरले होते पंचाहत्तर. कापसाचे पंधरा अक्षय्यतृतीयेला, आखाजीला, तुला माहेरी आणण्यासाठी ठेवले होते, ते त्यात घालून नव्वद पुरे केले आणि फडक्यात बांधले. आता हे नव्वद पाठवायचे कुठे? मुंबईच्या इंजिनवाल्यांना की मामलेदार कचेरीत? जावयांनी पत्ता लिहिला नाही. लवकर कळव, दुसऱ्याचा पैसा घरात असला की झोप लागत नाही.

यंदा आखाजीला तुला आणणे होणार नाही. बोळवणीला लुगडे नाही, तर लेकीला कोणत्या तोंडाने आणू? तुला घेऊन या म्हणून तुझी आई सारखी पाठीस लागते, पोरले लई या. मी शेतात निघून जातो.

पोरींना जप. जावयांस नमस्कार.

तुझा आबा

जळगाव, चैत्र शु. १२

तीर्थरूप आबांचे चरणी भिकूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र वाचून हे आधी पोट धरून हसले. मग आखाजीचे वाचले. म्हणाले, चूक माझीच, मी अर्धेच लिहिले.

आबा, घसारा कुणालाच पाठवायचा नसतो. आईचे जाते आठवा. छिन्नीने टाकी लावून लावून दगडाची पाळू पातळ झाली, पण रोज थोडे झिजले ते कुणाला दिसले नाही. एक दिवस तडकले, तेव्हा नव्या जात्यासाठी घरात पैसा नव्हता आणि आई महिनाभर शेजारी दळायला जात होती. इंजिनही तसेच एक दिवस थांबेल. त्या दिवसासाठी हे नव्वद. पत्ता तुमच्याच घरचा आहे. मात्र हे बजावून सांगतात, तो पैसा मोडू नका. माझ्या मनात आले होते, खरे सांगते, की लिहावे, त्यातूनच मला न्या. पण नाही लिहीत.

मला लुगडे नको, बांगड्या नकोत. दोन सालांमागे आखाजीला तुम्ही इंजिन घेतले म्हणून येणे झाले नाही, गेल्या आखाजीला सासूबाई आजारी. धाकटीने तर तुम्हाला पाहिलेच नाही. मोठी आखाजीचा झोका कुठे आहे म्हणून विचारते. हे आम्हाला नरडाण्यापर्यंत रेल्वेने पोचवतील. पुढे तुमची गाडी हवी. न्यायला या हो आबा.

आईला सांगा, भिकू रोज वाट पाहते. मायेत अंतर नसावे, ही विनंती.

आपली भिकू

सोनगीर, चैत्र व. ५

चि. भिकूस आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले. जात्याचे ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला, मग मलाच विचारले, एवढा शहाणा जावई शोधला कुणी? मी म्हटले, मीच.

फडके पेटीत तळाशी ठेवले. इंजिनाचे ते इंजिनाचे, त्याला हात लावणार नाही. लुगडे यंदा नाही. तू नको म्हणालीस तरी मला लागायचे ते लागलेच, पण त्यापायी तुला अंतरणे हा मूर्खपणा होता. निंबाला झोका बांधला आहे, खाली पाट लहान केला, धाकटीसाठी.

आखाजीच्या दोन दिवस आधी पहाटेच गाडी जुंपून नरडाण्याला येतो. रेल्वे उशिरा आली तरी तिथेच असेन. रस्ता खडबडीत आहे. येता-जाता चाकांचा, बैलांचा आणि या म्हाताऱ्याचा जो काय घसारा होईल, तो मी मांडणार नाही. लीलाधररावांना सांगू नकोस.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आबा