येते म्हणालीस

आई, दारातून निघताना मी 'जाते' म्हटलं की तू हातात लाटणं तसंच धरून बाहेर यायचीस. "जाते काय म्हणतेस? येते म्हणावं!" मग चपला काढून मला पुन्हा आत यायला लावायचीस आणि नीट 'येते' म्हणवून घ्यायचीस, तिकडे पोळी करपली तरी चालेल. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी तर तू गेल्यावरही माझ्यात राहिली, नागपूरहून इथे अमेरिकेत, श्रूजबरीपर्यंत आली. त्या एका शब्दापायी गेल्या हिवाळ्यात एक पोर आजीपासून तुटायची वेळ आली होती.

मी इथे येऊन पुन्हा शिकले, समुपदेशक झाले. शेजारच्या शहरात एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी लायबेरियातली कुटुंबं जमतात. तिथल्या यादवीत जी माणसं एकमेकांच्या विरुद्ध होती, त्यांच्या बायका इथे एकाच शेगडीवर भात शिजवतात. मनं जुळावीत म्हणून हा सगळा खटाटोप, पण बोलतील तर शपथ! मिठाचा डबासुद्धा एकमेकींना मागत नाहीत, उठून जाऊन घेतात. पोरं माझ्याकडे असतात. त्यांत आठेक वर्षांची एक मुलगी, आजीबरोबर आलेली. कित्येक महिने ती माझ्या शेजारी बसून नुसती चित्रं रंगवायची, बोलायची नाही.

त्या शनिवारी बर्फ पडायला लागला म्हणून मी लवकर निघाले. कोट चढवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंडातून तुझंच वाक्य निघालं, फक्त इंग्रजीत. "आय अॅम कमिंग." मी घरी पोचतेय तोच आमच्या वरिष्ठ बाईंचा फोन. मुलगी दाराशी बसून आहे, आजीनं हात धरला की किंचाळते, घरी जायला तयार नाही. "मूल घरी जायला इतकं घाबरतं म्हणजे काय, तुला माहीत आहे. मला कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. कळवणं म्हणजे बालसंरक्षण खात्याची माणसं येणार, आणि चौकशी होईपर्यंत मुलगी कदाचित परक्या घरी. तशीच गाडी वळवली.

आत पाहते तर आजी भिंतीला टेकून बसलेली. आणि तिच्या वतीनं वरिष्ठ बाईंशी भांडत होती कोण, तर यादवीत विरुद्ध बाजूला असलेली एक बाई, जिच्याकडे आजीनं कधी मीठ मागितलं नव्हतं. मला बघून ती उसळलीच. "तू हिला काय सांगून गेलीस? आमच्यात 'कमिंग' म्हणजे इथेच थांब, मी आत्ता आले! हिची आई हेच म्हणून पाणी आणायला गेली होती, ती परत आलीच नाही. पोर आजीला नाही घाबरत, तुझी वाट बघतेय!" मुलगी उठली, तिनं माझी बाही धरली. "यू केम," म्हणाली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले. वरिष्ठ बाईंनी मुलीला जवळ घेऊन निवांत विचारलं, खात्री करून घेतली आणि फोन पर्समध्ये टाकला. पुढच्या शनिवारी आजीनं त्या बाईकडे मीठ मागितलं.

आता मी मुलांना स्वच्छ सांगते, मी घरी जातेय, शनिवारी भेटू. तुला पटणार नाही. पण 'येते' मी तिला मराठीतच शिकवलंय. निघताना ती आजीचा हात धरून "येते" म्हणते, आणि शनिवारी खरंच येते. तूही म्हणाली होतीस, ऑपरेशनला नेताना, स्ट्रेचरवरून मान वळवून. "येते गं." मी दहावीत होते. तुझ्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसले होते, मामानं उठवलं तेव्हाही उठले नाही. किती वर्षं मला तुझा राग येत होता, आई. सरळ 'जाते' म्हणाली असतीस तर?

हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. घडी करून ठेवून देईन. त्या चपला मी इथेही आणल्यात, दाराजवळच असतात. "इथल्या बर्फात कोण घालणार यार, टाकून दे," नवरा म्हणतो. मी म्हणते, असू दे, कुणी आलं-गेलं तर लागतात. कोण यायचंय, ते मात्र त्याला सांगत नाही.