नळीच्या तोंडातली नळी

३ मार्च, सोमवार
लागली बाई नोकरी, या वयात! बायान लेपासच्या कारखान्यात, गार हवेत, पांढरा कोट घालून. जन्मभर जेलुतोंगच्या बाजारात डुकराची आतडी धुतली, त्याच आतड्यांचा क्वे चापचा रस्सा विकला, त्याचंच हे फळ. इथे डुकराच्या काळजाजवळची जाड रक्तवाहिनी साफ करून द्यायची. तिच्यात माणसाला बसवतात तशी कापडाची नि तारेची नळी घालून ती किती दम धरते ते बघतात. तशीच माझ्या नवऱ्याच्या, किम सेंगच्या पोटात आहे. गेल्या वर्षी त्याची आतली मोठी वाहिनी फुगली होती. फुटली तर खेळ खलास, म्हणून जांघेतून नळ्या सरकवल्या. नोकरीचं सांगितलं तर म्हातारा म्हणतो कसा, चला, आता माझं पोटसुद्धा तुझ्याच ताब्यात.

५ मार्च, बुधवार
मीठ नि पीठ चोळून वाहिन्या लख्ख केल्या, तर इंजिनिअर योक लिन म्हणाली, आजी, थोडा बुळबुळीतपणा राहू द्या, माणूस आतून बुळबुळीतच असतो. गोड पोरगी, पण अंगावर मांस म्हणून नाही; उद्या डबा नेते तिला. तिने दाखवलं, एका नळीच्या तोंडात दुसरी बसवतात. मी विचारलं, टाका कुठाय? टाका नाही म्हणे, नुसत्या तारेच्या ताणावर राहते. मला हसू आलं. माझं कमरेला गुंडाळलेलं सारोंगही नुसत्या पिळावरच राहतं की.

७ मार्च, शुक्रवार
कोमट पाण्याच्या टाकीत ती वाहिनी पंपाने धडधडत ठेवलीय. पाण्यावर पिवळी साय धरली. असला वास बाजारातही कधी आला नाही. यंत्राने सरळ ओढलं, जोड हलला नाही. मग योक लिनने वाकवून बाजूने दाबलं. आतली नळी हळूहळू बाहेर आली, एका गांडुळाने दुसरं ओकावं तशी.
"सरळ ओढली तर धरून राहते, आजी," ती म्हणाली. "वाकवून दाबत राहिलं की सुटते."
मी रोज संध्याकाळी किम सेंगच्या पोटाला जायफळाचं तेल लावते. वारा सरावा म्हणून. अंगठ्याने, बाजूने, चांगलं दाबून. आमच्यात सगळ्याच बायका लावतात. डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

१० मार्च, सोमवार
तेल बंद केलं. त्याच्या पोटाला हात लागला की ती साय आठवते. दाबून त्याच्याही नळ्यांचा जोड सुटेल हे सांगितलं नाही, घाबरला तर रक्तदाब चढायचा. तो फुगून बसलाय. "पांढरा कोट मिळाला नि नवऱ्याची किळस यायला लागली," म्हणाला. क्वे चाप केलं, त्याने चाटूनपुसून खाल्लं. मला वाटीतली आतडी धडधडताना दिसली. मोरीत जाऊन ओकले.
बुधवारी सकाळी त्याला दवाखान्यात नेणार. आतला फोटो काढायला.

११ मार्च, मंगळवार
कामावरून आले. दारातच जायफळाचा वास — मालीशवाला पेक हात पुसत होता. म्हणे किम सेंगनेच बोलावलं, बायको लावत नाही म्हणून. मोठी गाठ लागली हाताला, म्हणे, कोपराने चांगली मोडली — 

दवाखान्याची गाडी बोलावलीय. येत नाही अजून. किम सेंग पांढरा पडलाय, पाठ दुखते म्हणतो. एक हात त्याच्या पोटावर, दुसऱ्याने लिहितेय, नाहीतर ओरडेन —

तेलाने बुळबुळीत — कातडीखाली धडधड — इथे होती, आता बाजूला —

म्हणतो, घे, लावलास ना शेवटी हात. हसतोय —

हाताखाली काहीतरी सरकतंय. हळूहळू. तोंडातून तोंड बाहेर —