शालनचं मशीन अन् सायकलची बॅटरी

११ नोव्हेंबर २००८, मंगळ.
लाइट सकाळी नऊलाच गेली. भारनियमन रोजचंच, पण आज टायमाच्या आधी. शालनच्या तोंडाला दम्याच्या वाफेचं मशीन, औषध निम्मं राहिलेलं, अन् मशीन गप. ती माझ्याकडं बघतेय, मी मशीनकडं. शेवटी तोंडात औषध मारायचा छोटा पंप ओढून निभावलं.
चौथी शिकलेल्या माणसानं चाळीस वर्षं लोकांच्या विहिरीवरच्या जळक्या मोटारी चालू करून दिल्या. बायकोच्या मशीनची एवढीशी मोटार आपल्याच्यानं चालू ठेववेना.
दारात बॅटरीची सायकल उभी. दिवसभर तिच्याकडंच नजर.

१३ नोव्हें., गुरु.
सायकलचा सीटखालचा डबा उघडला. बारा-बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, एकीला एक जोडून छत्तीस. माळ्यावरचा जुना इन्व्हर्टर बाराचा. छत्तीस दिले तर धूरच. म्हणून झाकणाजवळच्या एकाच बॅटरीवरनं दोन वायरी काढल्या.
मशीन चाललं! आवाज जरा घोगरा, पण वाफ तीच. दहा मिनिटांचा एक डोस. नुसतं मिठाचं पाणी घालून चालवत बसलो. तीन डोस झकास, चौथ्याला आवाज बसला.
शालन म्हणाली, "म्हंजे ह्ये कुठंबी न्हेता येतंय?"
"व्हय की."
 

२० नोव्हें., गुरु.
संभा माझ्या दुकानातला जुना कारागीर. गावी चंदगडला परत गेला, तेव्हापासनं दर थंडीत त्याच्या काजूच्या बागेत तंबू टाकून तीन दिवस राहतो आम्ही दोघं. शालन भाकरी-चटणी बांधून देते अन् दारात उभी राहते. बागेत लाइट नाही. आठ वर्षं झाली, भिंतीतला प्लग सोडून ती कुठं झोपलेली नाही.
आज म्हणाली, "औंदा मी येणार."
कागलहून मंगल आली होती. लेक कसली, आईची आईच. "आण्णा, तुमची सायकल म्हंजे दवाखाना न्हवं!"
खोटं नाही ते. शेवटी ठरलं: डॉक्टर हो म्हणाले तर जायचं. तिथं मशीन एकदा जरी बंद पडलं तर तसंच परत फिरायचं, अन् पुन्हा विषय काढायचा नाही. शालननं लगेच मान डोलावली. मी पण. 

५ डिसें., शुक्र.
डॉक्टर म्हणाले, हवा चालेल, धूर नको. पंप जवळ असू दे. शालननं तिथंच पदराच्या गाठीत बांधून दाखवला. डॉक्टर हसले.
सायकल संभाच्या टेम्पोतनं जाणार. सामान: मशीन, इन्व्हर्टर, चार्जर, फ्यूज चार, वायर, टेस्टिंगचा बल्ब. बागेपासनं संभाचं घर चार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सायकलवरनं तिथं जाऊन बॅटऱ्या चार्ज करायच्या, असा बेत.

१२ डिसें., शुक्र.
पोचलो. शालन तंबूत शिरली, बाहेर आली, परत शिरली. "खालनं गार लागतंय. पण ब्येस हाय."
संध्याकाळचा डोस दगडावर बसून. संभा म्हणतो, "आण्णा, सायकल हाय का पिठाची गिरण?"
मला पण चेव आला. त्याच वायरींवर तंबूत दिवा लावला, रेडिओ लावला.

१३ डिसें., शनि.
 
सकाळी धुकं. दोन डोस लागले. दुपारी चार्जर घेऊन गावाकडं निघालो. पहिल्याच चढाला सायकल मेली. वाटलं, सगळं चार्जिंग संपलं. ढकलत परत आलो.
बघतो तर शालन दगडावर, खांदे वरखाली. पलीकडच्या रानात कुणी पाला पेटवलेला, वारं फिरलं अन् धूर आमच्यावर. पंप दोनदा ओढून झालेला. मशीन लावलं. घुर्र केलं अन् बंद.
तीच नजर, त्या मंगळवारची.
संभा, "टेम्पो काढू?" मी काढ म्हणालो. तो रस्त्यावर उभ्या टेम्पोकडं पळाला. मला तर वायर कुठं धरावी ते सुधरेना.
अन् शालन, एकेका शब्दाला थांबत, "तीन हायत न्हवं... तुम्ही... एकीलाच..."
बल्ब घेतला. झाकणाजवळच्या बॅटरीला लावला, काजव्याएवढा. मधलीला लावला, डोळे दिपले. तिसरीला तसाच. दोघी भरलेल्या! एक मेली म्हणून तिघींची वाट अडलेली. हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय, अन् स्वतःच...
वायरी मधलीवर घेतल्या. मशीन गरजलं.
संभा टेम्पो घेऊन आला तेव्हा तिचे खांदे खाली आले होते. मास्क काढून पहिलं वाक्य, "घरात तीन सुना, अन् एकीलाच जुंपल्यावर ती पडंल न्हाय तर काय हुईल वो?"
संभा तोंड फिरवून हसला. मी नाही हसलो. म्हटलं, "चल घरी. मंगलला शब्द दिलाय. मशीन बंद पडलं."
"मशीन न्हाय पडलं. तुम्ही पडला. धूर गेला की ऱ्हाऊ."
धूर तासाभरात गेला. राहिलो. टेम्पो मात्र संभानं रात्रभर बागेतच ठेवला.

१४ डिसें., रवि.
सकाळीच संभानं बॅटऱ्या टेम्पोतनं नेल्या, दुपारपर्यंत चार्ज करून आणल्या. शालननं तिघींना दोरे बांधले. लाल ती थोरली, झाकणाजवळची; पिवळी मधली, हिरवी धाकटी. डोस पाळीनं. दिवा-रेडिओ बंद.
ओढ्यापर्यंत चालत गेली. पाण्यात पाय सोडून बसली. मी लांबनं बघत होतो. हाक मारली नाही.

१९ डिसें., शुक्र.
मंगल आली. आत पाऊल टाकायच्या आधी, "आई, खरं सांग. बंद पडलं हुतं?"
मी चपला शोधायला लागलो. शालननं मात्र सगळं सांगितलं. धूर, चढ, बल्ब, टेम्पो. एक शब्द गाळला नाही.
 मंगलचे डोळे भरले, माझे पण. मग चहा घेता घेता खाली मान घालून, "अन् तिन्ही चार्ज व्हायला किती येळ लागतो वो, आण्णा?"
सांगितलं.  कप विसळला अन् गेली.
शालनला आता काजूच्या हंगामात आठ दिवस जायचंय. थोरली बॅटरी धड होईना. दोन दिवस चार्जिंगला लावली, तरी आज एका डोसातच घुर्र. उद्या परत बल्ब लावून बघणार.
तंबू माळ्यावर टाकायला घेतला तर शालननं हातातनं काढून घेतला. दाराआड उभा करून ठेवलाय. येता-जाता पायात येतोय.