हाताची आतली बाजू

दमिएत्ता, ३ जानेवारी १९८६

चि. इन्शिराह हिस अनेक आशीर्वाद.

रबाबच्या लग्नासाठी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे: दागिन्यांची लाकडी पेटी, तिची पितळी कडी, बदामाची मिठाई आणि केस काढायच्या साखर-लिंबाच्या पाकाची बरणी. सगळं माझ्या हातचं, कोणाकडे न शिकता. यंदा नवरीचे केस काढायला उम्म सय्यदला बोलावू नकोस. ती अजून पाक चाखून बघते, माझ्याकडे थर्मामीटर आहे. पट्टी जाड लाव, थंड होऊ दे, मग सरळ वर ओढ. माझ्या हातावर करून पाहिलंय, काही होत नाही.

भाचीला माया, तुला थोडी कमी.
तुझा भाऊ फतही

तांता, १० जानेवारी

ती. फतहीभाईंना सलाम, वि. वि.

पेटी देखणी आहे. पाक मात्र तुम्ही सांगितला तस्साच लावला आणि दुसऱ्या दिवशी रबाबचे दंड काळेनिळे. मेंदीच्या रात्री तिची बाही सरकली आणि होणाऱ्या सासूबाईंनी, हाज्जा विदादनी, पाहिलं. मी पाकाचं सांगितलं, त्यांना पटलं नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "मारून घेतलेला होकार आम्हाला नको."

लग्न थांबलंय. रबाब म्हणते, मामाला कळवू नकोस, वाईट वाटेल. मला मात्र तुम्हाला वाईट वाटायलाच हवं आहे. उम्म सय्यद जिन्यात तुमच्या थर्मामीटरची तब्येत विचारत होती.

राग आहे, तरी धाकटीच आहे.
इन्शिराह

दमिएत्ता, १८ जानेवारी

चि. इन्शिराह हिस आशीर्वाद; द्यायचा हक्क उरला असेल तर.

तुला न सांगता तांत्याला येऊन गेलो. तुझं दार वाजवायचा धीर झाला नाही. हाज्जा विदादच्या स्वयंपाकघरात बाही वर करून पाक लावला. भट्टीने राकट झालेल्या मनगटाला काहीच झालं नाही, आणि माझी चूक मला तिथेच कळली. मी पाक या चामड्यावर पारखला होता. मग दंडाच्या आतल्या बाजूला लावला आणि सरळ वर ओढला. दुसऱ्या दिवशी तो निळा दंड घेऊन पुन्हा गेलो. त्यांनी दंड उजेडात धरून पाहिला. म्हणाल्या, "उस्ताद, लग्न येत्या गुरुवारी. आणि तुम्ही मिठाईच करा."

रबाबची माफी पत्रातून मागणार नाही, समोर येऊन मागेन. तोवर तिला मला वाईट वाटल्याचं सांगू नकोस.

दारात उभं करशील या आशेवर,
फतही

ता. क. कैरोचा एक साबणवाला याच पाकाची कृती विकत मागत होता, बरणीवर माझं नाव घालून. काल नाही म्हणून कळवलं. चार हजार पौंड देत होता.